वयात येणाऱ्या मुलांचे पारपटल : नंबर बदलतो तेव्हा डोळ्यात काय घडते?

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की चष्म्याच्या दुकानांत पालक आणि मुलांची गर्दी वाढते. फळ्यावरचे दिसत नाही, डोके दुखते, पुस्तक डोळ्यांजवळ धरले जाते, अशा तक्रारी असतात. नंबर काढला जातो, नव्या काचा बसतात. सहा महिन्यांनी नंबर पुन्हा बदलला, तर दोष दूरचित्रवाणीला किंवा मोबाइलला दिला जातो आणि आणखी एक चष्मा घेतला जातो.

बहुतेक मुलांच्या बाबतीत यात धास्तावण्यासारखे काही नसते. वाढत्या वयात डोळा वाढतो, त्याबरोबर नंबरही वाढतो. काही थोड्या मुलांमध्ये मात्र बदलणारा नंबर वेगळीच गोष्ट सांगत असतो. डोळ्याच्या दर्शनी भागातील पारदर्शक पडदा, म्हणजेच पारपटल किंवा कॉर्निया, आपला आकार टिकवून धरण्यास अपुरा पडू लागलेला असतो. ही गोष्ट वेळेत कळली तर आज तिला बहुधा थांबवता येते. उशीर झाला तर बिघडलेला आकार पूर्ववत होत नाही. म्हणूनच पौगंडावस्थेत पारपटलाच्या भौतिक गुणधर्मांत काय बदलते आणि काय बदलत नाही, हे समजून घेणे पालकांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

डोळ्याची पहिली काच

बोलताना आपण ‘बुबुळ’ हा शब्द डोळ्यातील रंगीत पडद्यासाठी वापरतो आणि त्याच्यावर घड्याळाच्या काचेप्रमाणे बसलेल्या पारपटलासाठीही वापरतो. नेत्रदानानंतर दुसऱ्याच्या डोळ्यावर बसवले जाते ते हे पारपटल. प्रौढ माणसात त्याची आडवी रुंदी साधारण साडेअकरा ते बारा मिलिमीटर असते. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे सुमारे ५४० मायक्रॉन, तर कडेला त्याहून थोडी अधिक असते.

डोळ्यात शिरणारा प्रकाश वाकवून दृष्टिपटलावर एकत्र आणण्याचे निम्म्याहून अधिक काम हा पातळ पडदा करतो. संपूर्ण डोळ्याची प्रकाश वळवण्याची शक्ती साधारण ६० डायॉप्टर मानली, तर त्यातील सुमारे ४३ डायॉप्टर एकट्या पारपटलाच्या असतात. आतील नेत्रमण्याचा वाटा त्यानंतरचा. साहजिकच पारपटलाची गोलाई किंचित बिघडली तरी दृष्टी लगेच बिघडते.

पारपटलाच्या जाडीचा सुमारे ९० टक्के भाग ‘स्ट्रोमा’ नावाच्या थराने व्यापलेला असतो. स्ट्रोमामध्ये वजनाने तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. त्याला बळकटी देणारे धागे कोलॅजेन या प्रथिनाचे असतात. हे अतिसूक्ष्म धागे एकमेकांपासून ठरावीक अंतरावर, शिस्तीने रचलेले असतात, म्हणूनच पारपटल पारदर्शक राहते. धाग्यांचे पापुद्रे एकावर एक शेकड्यांनी रचलेले असतात. पुढच्या भागात हे पापुद्रे चटईच्या विणीप्रमाणे एकमेकांत गुंतलेले असतात, मागच्या भागात ते समांतर पसरलेले असतात. त्यामुळे पारपटलाचा पुढचा तृतीयांश भाग सर्वांत बळकट असतो.

या रचनेवर आतून सतत दाब असतो. डोळ्यातील द्रवाचा दाब सामान्यतः १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. त्याशिवाय पापण्यांची उघडझाप, झोपेतील दाब, डोळे चोळणे, हे सारे पारपटल सोसत असते.

आकार लवकर ठरतो, बळकटी सावकाश येते

बाळ जन्मते तेव्हा त्याचे पारपटल सुमारे साडेनऊ ते दहा मिलिमीटर रुंद आणि मोठ्या माणसाच्या पारपटलापेक्षा बरेच अधिक फुगीर असते. पहिल्या वर्षभरात ते झपाट्याने सपाट होत जाते आणि दोन-तीन वर्षांच्या वयापर्यंत त्याची रुंदी जवळजवळ प्रौढांइतकी होते. उंची, आवाज, चेहरा हे सारे बदलत असताना बारा-पंधरा वर्षांच्या मुलाचे पारपटल मात्र मोजमापाच्या दृष्टीने केव्हाच ‘मोठे’ झालेले असते.

आतली गोष्ट मात्र निराळी आहे. कोलॅजेनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधणारे रासायनिक दुवे असतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘क्रॉसलिंक’ म्हणतात. मराठीत आडबंध म्हणता येईल. बाजेच्या दोऱ्यांना जागोजागी गाठी मारल्या की ती जशी ताठ होते, तसे हे आडबंध पारपटलाला ताठरपणा देतात. त्यातील काही शरीरातील विकरे तयार करतात. काही, रक्तातील साखरेचा प्रथिनांशी वर्षानुवर्षे संयोग होऊन, आपोआप तयार होतात. वय वाढते तसे हे दुवे वाढतात आणि पारपटल अधिकाधिक ताठर होत जाते. ही प्रक्रिया आयुष्यभर चालते.

याचा सरळ अर्थ असा, की पौगंडावस्थेतील पारपटल आकाराने पूर्ण वाढलेले, पण बळकटीने अजून कोवळे असते. निरोगी मुलांमध्ये ही कोवळी बळकटीही पुरेशी असते. पण जन्मतः रचनेत काही उणीव असेल आणि त्यात बाहेरून ताण पडला, तर ती उणीव उघडी पडण्याचा काळ हाच असतो.

कोणता नंबर कशामुळे?

मुलांच्या चष्म्याच्या चिठ्ठीवर साधारणतः दोन प्रकारचे नंबर असतात, आणि त्यांतील फरक पालकांना क्वचितच समजावून सांगितला जातो.

पहिला ‘स्फेरिकल’ नंबर. शाळकरी मुलांमध्ये वाढणारा उणे नंबर बहुतांशी नेत्रगोल मागच्या बाजूस लांबल्यामुळे येतो. डोळा लांबतो, दृष्टिपटल मागे सरकते आणि प्रतिमा त्याच्या पुढेच तयार होते. यात पारपटलाचा दोष सहसा नसतो. जवळचे काम जास्त आणि मोकळ्या उजेडातील वावर कमी, याचा संबंध या नंबराशी आढळला आहे.

दुसरा ‘सिलिंडर’चा नंबर. पारपटलाची गोलाई उभ्या आणि आडव्या दिशेने सारखी नसेल तर हा नंबर येतो. पारपटलाला चेंडूऐवजी अंड्याच्या बाजूसारखा आकार असतो, असे म्हणता येईल. थोडा सिलिंडर अनेकांना असतो आणि तो वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही. तरुण वयात सहसा उभी गोलाई अधिक असते आणि चिठ्ठीवरील अक्ष १८० अंशांच्या आसपास असतो. सिलिंडरचा नंबर दर तपासणीला वाढत असेल, त्याचा अक्ष तिरका होत किंवा सरकत असेल, दोन्ही डोळ्यांत मोठा फरक पडत असेल, किंवा चष्मा लावूनही शेवटच्या ओळी स्पष्ट वाचता येत नसतील, तर मात्र नजर पारपटलाकडे वळायला हवी.

घुमटाचा शंकू होतो

या विकाराला ‘केरॅटोकोनस’ म्हणतात. नेहमीच्या घुमटाऐवजी पारपटल मध्यभागी किंवा किंचित खालच्या बाजूस पातळ होते आणि शंकूसारखे पुढे येते. इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील डॉक्टर जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ मध्ये शंकूच्या आकाराच्या पारपटलावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हापासून हा विकार वैद्यकाला नीट परिचित आहे.

केरॅटोकोनसची सुरुवात बहुधा वयात येण्याच्या सुमारास होते. तो विशीत वाढत राहतो आणि तिशी-चाळिशीत सहसा स्थिरावतो. याचे एक स्पष्टीकरण वर सांगितलेल्या आडबंधांतच आहे. वयाबरोबर पारपटल नैसर्गिकरीत्या ताठर होते आणि वाकणे थांबते. मात्र तोपर्यंत जेवढे बिघडायचे तेवढे बिघडून गेलेले असते. लहान वयात सुरू झालेला केरॅटोकोनस मोठेपणी सुरू झालेल्यापेक्षा वेगाने वाढतो, आणि मुलांमध्ये निदान होते तेव्हा तो अनेकदा पुढच्या टप्प्यावर पोहोचलेला असतो. मूल तक्रार करत नाही, एका डोळ्याने भागवून घेते, हेही त्याचे एक कारण आहे.

विकार फार वाढला तर पारपटलाच्या आतील थराला चीर पडून द्रव आत शिरतो. डोळ्यासमोर एकाएकी पांढरे धुके येते. पुढे व्रण राहिला तर पारपटलाचे रोपण करावे लागते. पारपटल रोपण करण्याच्या प्रमुख कारणांमध्ये केरॅटोकोनसची गणना होते.

डोळे चोळण्याची सवय

केरॅटोकोनस का होतो, याचे एकच उत्तर नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहे. जवळच्या नातेवाइकांत हा विकार असेल तर धोका वाढतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. वयात येताना होणाऱ्या संप्रेरकांच्या बदलांचा पारपटलावर काय परिणाम होतो, यावर संशोधन सुरू आहे.

टाळता येण्याजोगे कारण मात्र एकच ठळकपणे पुढे येते, ते म्हणजे डोळे चोळणे. बोटांच्या पेरांनी डोळा जोरात चोळताना पारपटल दाबले जाते, आतील दाब क्षणभर वाढतो, आणि अश्रूंमध्ये दाह निर्माण करणारी, कोलॅजेन झिजवणारी द्रव्ये वाढतात. वर्षानुवर्षे, दिवसातून अनेकदा हे घडत राहिले तर मूळचे कमकुवत पारपटल टिकाव धरत नाही. डोळे चोळणे हेच एकमेव कारण आहे, असे मानणारेही काही तज्ज्ञ आहेत. सर्वांना ते मान्य नाही. पण चोळणे घातक आहे, याबाबत दुमत नाही.

आपल्याकडील उष्ण, धुळीच्या हवेत मुलांना, विशेषतः मुलग्यांना, डोळ्यांची ॲलर्जी मोठ्या प्रमाणावर होते. डोळे लाल होतात, खाज सुटते, चिकट तारेसारखा स्राव येतो. ‘डोळे आले असतील’ म्हणून दुकानातून थेंब आणून घातले जातात. त्यात स्टेरॉइड असेल तर दोन दिवसांत आराम पडतो आणि मग तीच बाटली महिनोन्‌महिने वापरली जाते. अशा वापराने कोवळ्या वयात मोतीबिंदू आणि काचबिंदू होऊ शकतो. ॲलर्जीवर स्टेरॉइडरहित थेंब उपलब्ध आहेत. स्टेरॉइड लागलेच तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळच वापरायचे असते. खाज सुटली की थंड पाण्याची पट्टी ठेवणे हा साधा, निर्धोक उपाय आहे.

विकार किती दुर्मीळ?

दोन हजारांत एक, हे प्रमाण पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ दिले जात असे. ते अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील, १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीवर आधारलेले होते. तपासणीची साधने सुधारली तशी ही समजूत मागे पडली. नेदरलँड्समध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण ३७५ जणांत एक इतके निघाले. सौदी अरेबियातील रियाध येथे सहा ते एकवीस वर्षांच्या ५२२ जणांची तपासणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत जवळपास पाच टक्के जणांत केरॅटोकोनस आढळला.

महाराष्ट्रातील आकडाही उपलब्ध आहे. नागपूर परिसरातील ग्रामीण भागात तीस वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक लोकांची पाहणी करण्यात आली. २००९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा २.३ टक्के लोकांच्या पारपटलाची शक्ती ४८ डायॉप्टरपेक्षा जास्त भरली. केवळ या एका निकषावर केरॅटोकोनस ठरवणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतो. तरीही हा विकार आपल्याकडे विरळा नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

बळकटी मोजायची कशी?

शाळेतील तक्त्यावरची अक्षरे वाचून घेणारी तपासणी आवश्यक आहेच, परंतु सुरुवातीचा केरॅटोकोनस तिच्यात सापडत नाही. त्यासाठी पारपटलाचा नकाशा काढावा लागतो. पोर्तुगालचे अंतोनियो प्लासिदो यांनी १८८० च्या सुमारास काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची तबकडी डोळ्यासमोर धरून पारपटलावरील तिचे प्रतिबिंब पाहण्याची पद्धत काढली. वर्तुळे गोल दिसली तर पारपटल ठीक, वाकडी दिसली तर सदोष. आजच्या ‘कॉर्निअल टोपोग्राफी’ यंत्रांपैकी अनेक यंत्रांचे तत्त्व तेच आहे. नव्या यंत्रांत पारपटलाची पुढची बाजू, मागची बाजू आणि ठिकठिकाणची जाडी रंगीत नकाशावर उमटते. तपासणी काही मिनिटांत होते. तीत डोळ्याला हात लावला जात नाही आणि वेदनाही होत नाहीत.

आकार मोजणे सोपे. ताठरपणा मोजणे अवघड. २००५ च्या सुमारास आलेल्या एका यंत्रात डोळ्यावर हवेचा हलका झोत सोडून पारपटल क्षणभर आत दाबले जाते. आत जाताना आणि परत येताना लागणाऱ्या दाबांतील फरकाला ‘हिस्टेरिसिस’ म्हणतात. निरोगी डोळ्यात तो साधारण दहा मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, तर केरॅटोकोनसमध्ये सरासरीने कमी भरतो. मात्र निरोगी आणि विकारग्रस्त डोळ्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. त्यामुळे एवढ्यावरून निदान करता येत नाही. नकाशाला पूरक माहिती म्हणून तो आकडा उपयोगी पडतो.

वयाचे काम प्रकाशाकडून

वयाबरोबर जे आडबंध तयार होतात, ते लवकर तयार करता आले तर? हा विचार जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थिओ झायलर, एबरहार्ड श्पोर्ल आणि ग्रेगोर वोलेनझाक यांनी प्रत्यक्षात आणला. मधुमेहींमध्ये केरॅटोकोनस कमी दिसतो, या निरीक्षणानेही त्या विचाराला बळ मिळाले. अर्थात नंतरच्या सर्वच अभ्यासांत याबाबत एकमत झालेले नाही. त्यांच्या ‘क्रॉसलिंकिंग’ उपचाराचे रुग्णांवरील पहिले निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये त्याला मान्यता दिली.

मूळ पद्धतीत पारपटलाचा सर्वांत वरचा नाजूक थर दूर करून सुमारे अर्धा तास रिबोफ्लेविनचे, म्हणजे ‘ब-२’ जीवनसत्त्वाचे, थेंब घातले जातात. नंतर ३० मिनिटे मंद अतिनील प्रकाश टाकला जातो. प्रकाश आणि रिबोफ्लेविन यांच्या क्रियेतून कोलॅजेनमध्ये नवे आडबंध तयार होतात, ते मुख्यतः पुढच्या सुमारे ३०० मायक्रॉन भागात. प्रकाश आतील पेशींपर्यंत पोहोचू नये म्हणून पारपटल किमान ४०० मायक्रॉन जाड असावे, असा मूळ पद्धतीचा निकष आहे. उशिरा निदान होण्याची हीदेखील किंमत असते. पडदा फार पातळ झाला की नेहमीचा उपचार करता येत नाही.

मुलांमधील परिणामाचा भक्कम पुरावा ब्रिटनमधून आला. तेथे दहा ते सोळा वर्षांच्या ६० मुलांची, विकार वाढत असताना, दोन गटांत विभागणी करण्यात आली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दीड वर्षानंतर क्रॉसलिंकिंग केलेल्या गटात विकार वाढल्याचे प्रमाण ७ टक्के होते. केवळ चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स असे नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात ते ४३ टक्के होते.

मात्र या उपचाराकडून काय अपेक्षा ठेवायची, हे आधीच स्पष्ट असावे. तो विकार थांबवण्यासाठी आहे. गेलेली नजर परत आणण्यासाठी नाही. नंतरही चष्मा किंवा कडक कॉन्टॅक्ट लेन्स लागतेच. पहिले दोन-तीन दिवस डोळा दुखतो. क्वचित जंतुसंसर्ग होऊ शकतो किंवा पारपटलावर धूसरपणा येतो. काही मुलांमध्ये, विशेषतः चोळणे चालूच राहिले तर, विकार पुन्हा डोके वर काढतो. म्हणून उपचारानंतरही नियमित तपासणी टळत नाही.

लेझरची घाई नको

बारावीनंतर चष्मा घालवण्यासाठी ‘लॅसिक’ करून घेण्याकडे तरुणांचा कल असतो. या शस्त्रक्रियेत लेझरने पारपटलाचा काही भाग काढला जातो, आणि तोही मुख्यतः त्याच्या बळकट पुढच्या भागातून. म्हणूनच अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज आणि नंबर किमान वर्षभर स्थिर राहिल्याखेरीज ती करू नये, असा संकेत आहे. सुप्त केरॅटोकोनस असलेल्या डोळ्यावर ती केली तर पारपटल आणखी पुढे येण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेपूर्वी नकाशा काढून घेणे अनिवार्य मानले जाते, ते याचसाठी.

पालकांनी काय पाहावे?

- चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्या टाकून देऊ नयेत. सिलिंडरचा नंबर आणि अक्ष किती बदलला, हे त्यांवरूनच कळते.
- वर्षभरात सिलिंडर लक्षणीय वाढला, किंवा नव्या चष्म्यानेही नीट दिसत नसेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे पारपटलाचा नकाशा काढण्याविषयी विचारावे.
- दिव्याभोवती पसरट प्रकाश, एकाच अक्षराच्या दोन-तीन सावल्या, एक डोळा झाकून पाहण्याची सवय, या गोष्टींकडे दुर्लक्ष करू नये.
- मूल डोळे चोळत असेल तर त्याला रागावण्याऐवजी खाजेवर उपचार करावेत.
- घरात एकाला केरॅटोकोनस असेल तर भावंडांचीही तपासणी करून घ्यावी.
- डोळा एकाएकी पांढरा किंवा धूसर झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

पारपटलाला बळकटी देण्याचे काम वय करतेच. फक्त ते सावकाश करते. तोवरच्या काळात त्या कोवळ्या पडद्याला सांभाळणे आणि तो वाकू लागला तर वेळीच ओळखणे, एवढे घरातल्या मोठ्यांच्या हाती आहे.